दर पावसाळ्यात अडकणारी हवेवरची अवजारे : दोष कोठे शोधावा आणि राखीव सामान कसे ठेवावे

बडोद्यातील मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचे आठ माणसांचे वर्कशॉप आहे. पंपांच्या कास्टिंगवरील बर, म्हणजे कडांना राहिलेले धातूचे कंगोरे, काढणे, छिद्रे पाडणे, जोडणी करणे आणि शेवटी रंग देणे एवढे काम तेथे होते. डाय ग्राइंडर (हातात धरून घासायचे छोटे यंत्र), इम्पॅक्ट रेंच (नट-बोल्ट आवळायचा पाना), ड्रिलिंग मशीनवरील हवेची पकड आणि स्प्रे गन ही सगळी अवजारे पाच हॉर्सपॉवरच्या एकाच कॉम्प्रेसरवर चालतात. सलग तीन वर्षे जुलै उजाडला की डाय ग्राइंडरचा वेग मंदावायचा आणि काही दिवसांत तो पूर्ण अडकायचा, पकड अर्धवट सुटायची, आणि रंग दिलेल्या भागांवर दुसऱ्या दिवशी बारीक फोड दिसायचे. पहिल्या वर्षी आम्ही ग्राइंडर दुरुस्तीला पाठवला आणि दुसऱ्या वर्षी नवा घेतला. तिसऱ्या वर्षी तो नवा ग्राइंडरही ऐन तातडीच्या ऑर्डरीच्या आठवड्यात अडकला, आणि त्या आठवड्यात दोन माणसे हातातील कानशीने बर काढत बसली. ज्यांच्याकडे हीच तक्रार पुनःपुन्हा येते, त्यांना आमच्या शोधाचा उपयोग व्हावा म्हणून तो क्रमाने मांडतो आहे.

आमची पहिली चूक नोंदींची होती. दुरुस्तीच्या वहीत अवजाराचे नाव आणि खर्च लिहिलेला असे, परंतु तारीख कोणी नीट लिहीत नसे, त्यामुळे प्रत्येक बिघाड त्या त्या अवजाराचा वाटत राहिला. तिसऱ्या वर्षी बिलांवरून तारखा काढून त्या दिनदर्शिकेवर मांडल्या, तेव्हा जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत बिघाडांची दाटी दिसली आणि मार्च ते मे हे महिने जवळजवळ कोरे निघाले. उन्हाळ्यात बिनतक्रार चालणारी चार वेगवेगळी अवजारे पावसाळ्यात एकदम बिघडत असतील, तर दोष त्या चौघांना जे समान मिळते त्यात असणार. त्याच दिवशी अडकलेला ग्राइंडर मी स्वतः उघडला. रोटरच्या खाचांतील पाती, ज्यांना आमचे कारागीर व्हेन म्हणतात, तपकिरी लगद्यात रुतून बसली होती. तो लगदा म्हणजे गंज, तेल आणि पाणी यांचे मिश्रण होते. आमचे जुने फिटर शेजारी उभे होते. ते म्हणाले, "शेठ, अवजार बदलून काय होणार, पाणी तर लाइनमधून येतंय." ते हे दोन वर्षे सांगत होते, असे मला नंतर आठवले.

पाणी येते कोठून?

टाकीच्या तळाचा पाणी सोडायचा कॉक रोज उघडतो, मग एवढे पाणी येईल कसे, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर साध्या हिशोबात आहे. 30 अंश सेल्सिअस तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते. आर्द्रता 80 टक्के असेल तर त्यात सुमारे 24 ग्रॅम असते. आमचा कॉम्प्रेसर तासाला साधारण 27 घनमीटर हवा ओढतो, म्हणजे तासाला सुमारे 650 ग्रॅम पाणी बाष्पाच्या रूपाने आत येते. ही हवा 7 बारपर्यंत दाबली की तिचे आकारमान आठव्या हिश्श्यावर येते, पण तिच्यात किती बाष्प मावेल हे दाबावर अवलंबून नसून आकारमान आणि तापमान यांवर अवलंबून असते. टाकीतील हवा 40 अंशांवर असेल, तर तेवढ्या आकारमानात जेमतेम 170 ते 180 ग्रॅम बाष्प राहू शकते. उरलेल्याचे पाणी होते, म्हणजे सलग चालणारा कॉम्प्रेसर तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी तयार करतो.

हे पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि कॉक उघडल्यावर निघून जाते. अवजारापर्यंत जाते ते दुसरेच पाणी. टाकीतून 40 अंशांवर बाहेर पडलेली हवा पाइपातून जाताना 30 अंशांपर्यंत थंड झाली, तर तिच्यातून तासाला आणखी सुमारे 70 ग्रॅम पाणी पाइपातच सुटते, आणि ते टाकीच्या कॉकमधून कधीच निघणार नसते. टाकी दिवसातून दोनदा रिकामी करूनही ग्राइंडर का अडकतो, याचे कारण हे आहे. उन्हाळ्यात तक्रार का नसते तेही यातून उलगडते. मे महिन्याच्या दुपारी 42 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता धरली, तर घनमीटर हवेत 11 ग्रॅमच बाष्प असते. ते आठपट दाटले तरी पन्नास अंशांच्या पुढे तापलेल्या टाकीत बहुतेक सगळे मावते, आणि लाइनही तितकीच गरम असल्याने पाणी सुटायला जागाच मिळत नाही.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी

अवजार उघडण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात, आणि त्यांना मिळून अर्धा तासही लागत नाही. सकाळी पहिल्यांदा हवा सोडताना होज अवजारापासून सोडवून तिचे तोंड हातात घट्ट धरावे, समोर पांढरे फडके ठेवावे आणि हवा हळूहळू सोडावी. फडक्यावर ओलसर तपकिरी डाग पडले, तर लाइनमध्ये पाणी आणि गंज दोन्ही आहेत. फडके तेलकट काळे झाले, तर कॉम्प्रेसरच्या पिस्टन रिंगा झिजून तेल वर येत असण्याची शक्यता आधी धरावी.

दुसरी तपासणी दाबाची, आणि ती बहुतेक ठिकाणी चुकीच्या पद्धतीने होते. भिंतीवरील गेज 7 बार दाखवते म्हणून दाब पुरेसा आहे, असे मानले जाते. परंतु अवजार बंद असताना गेजवर दिसणारा दाब काहीच सांगत नाही. होज आणि अवजार यांच्यामध्ये टी जोडून छोटे गेज बसवावे आणि ट्रिगर पूर्ण दाबून वाचन घ्यावे. बहुतेक हवेवरची अवजारे 6.2 बार, म्हणजे 90 पीएसआय, दाबासाठी बनवलेली असतात. आमच्याकडे ग्राइंडर चालू असताना हा दाब 4 बारच्या खाली जात होता. भिंतीवरील फिल्टरची जाळी चिखलाने भरली होती, आणि कोणीतरी 10 मिलिमीटरच्या होजऐवजी 6 मिलिमीटरची पीयू (पॉलियुरेथेनची) नळी लावली होती. या दोन गोष्टी बदलल्यावर अवजाराला हात न लावता त्याचा अर्धा मंदपणा गेला.

तिसरी तपासणी गळतीची. जेवणाच्या सुट्टीत, सर्व अवजारे बंद पण लाइन भरलेली असताना, कॉम्प्रेसर किती वेळ चालतो आणि किती वेळ थांबतो हे घड्याळ लावून चार-पाच फेऱ्या मोजावे. चालण्याच्या वेळेला एकूण वेळेने भागले की गळतीचे प्रमाण मिळते. दोन मिनिटे चालून सहा मिनिटे थांबत असेल, तर तयार होणाऱ्या हवेचा चौथा भाग कोणतेही काम न करता वाया जातो आहे. दहा टक्क्यांच्या वर गळती असेल तर ती शोधून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. 7 बार दाबाला एका मिलिमीटरच्या छिद्रातून सुमारे अडीच सीएफएम, म्हणजे मिनिटाला अडीच घनफूट, हवा निघून जाते, आणि तीन मिलिमीटरचे छिद्र आमच्यासारखा अख्खा कॉम्प्रेसर एकटे खाऊन टाकते. गळतीचा पाण्याशीही थेट संबंध आहे. कॉम्प्रेसर जितका जास्त वेळ चालेल, तितकी जास्त हवा ओढेल आणि टाकी जास्त तापेल, आणि गरम टाकीतून जास्त बाष्प पुढे जाईल. साबणाचे पाणी आणि ब्रश एवढ्यावर आम्ही एका दुपारी अकरा गळत्या शोधल्या, आणि त्यांतील आठ क्विक कपलरच्या रबरी रिंगांच्या होत्या.

चौथी तपासणी म्हणजे टाकी भरण्याचा वेळ. रिकामी टाकी शून्यापासून 7 बारपर्यंत भरायला किती वेळ लागतो, हे कॉम्प्रेसर चांगल्या स्थितीत असताना मोजून टाकीवरच रंगाने लिहून ठेवावे. आमच्या 220 लिटरच्या टाकीला साडेतीन मिनिटे लागतात. हा वेळ हळूहळू वाढू लागला, तर हवेचा फिल्टर, सैल व्ही-बेल्ट, व्हॉल्व्ह प्लेट आणि शेवटी पिस्टन रिंगा, या क्रमाने पाहावे. सगळ्यांत स्वस्त कारण सगळ्यांत आधी तपासले की पैसा आणि दिवस दोन्ही वाचतात.

पाइपलाइन आणि फिल्टर

आमच्या लाइनमधील मूळ चूक बांधणीतच होती. छताखालून गेलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाच्या पोटातून, म्हणजे खालच्या बाजूने, सरळ खाली फाटे काढलेले होते, त्यामुळे पाइपात साचलेले पाणी उतरायला सर्वांत सोपी वाट ग्राइंडरचीच होती. मुख्य पाइपाला हवेच्या प्रवाहाच्या दिशेने दर मीटरला एक सेंटिमीटर उतार असावा. प्रत्येक फाटा पाइपाच्या पाठीवरून, म्हणजे वरच्या बाजूने, काढून वळवून खाली आणावा. उतरत्या पाइपाचे टोक जोडणीच्या खाली आणखी वीतभर न्यावे आणि तेथे कॉक बसवावा. एवढा बदल आम्ही एका रविवारी केला, आणि त्यानंतर सकाळी त्या टोकांचे कॉक उघडले की कपभर गढूळ पाणी निघते, जे आधी थेट अवजारात जात होते. हे काम करताना स्वस्त पडते म्हणून पीव्हीसी पाइप कोणी वापरू नये. दाबलेल्या हवेखाली तो फुटला तर त्याचे धारदार तुकडे माणसांच्या अंगावर उडतात. तसेच कोणतीही जोडणी सोडण्यापूर्वी कॉम्प्रेसरचा मुख्य स्विच काढून लाइन पूर्ण रिकामी केली आहे, हे गेजवर पाहिल्याशिवाय पाना लावू नये.

प्रत्येक फाट्यावर एफआरएल, म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि तेलाची बाटली एकत्र असलेला संच, असतो. त्याच्या पारदर्शक वाटीतील पाणी खुणेच्या वर जाऊ देऊ नये. ती वाटी साबणाच्या कोमट पाण्यानेच धुवावी, कारण थिनरने पुसलेली पॉलिकार्बोनेटची वाटी तडकते आणि एखाद्या दिवशी दाबाखाली फुटते. स्प्रे गनच्या फाट्यावर तेलाची बाटली मुळीच नसावी. तेथे फक्त फिल्टर आणि रेग्युलेटर असावेत, नाहीतर रंगावरील फोडांचे कारण पाण्याऐवजी तेल ठरते. रंगकामाचे प्रमाण मोठे असेल तर रेफ्रिजरेशन ड्रायर घेणे योग्य आहे. तो हवेला 3 अंशांच्या आसपास थंड करून पाणी आधीच काढून टाकतो, त्यामुळे पुढे लाइनमध्ये ते सुटत नाही. मात्र ड्रायर घेताना आपल्याकडील उष्णता लक्षात घेऊन एक माप मोठा घ्यावा, कारण आत येणारी हवा आणि भोवतालची हवा जितकी गरम, तितकी त्याची क्षमता घटते.

अवजाराच्या स्वतःच्या देखभालीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. काम संपताना हवेच्या तोंडात अवजाराच्या हलक्या तेलाचे चार थेंब टाकून ते काही सेकंद चालवावे, म्हणजे रात्रभर आत ओल राहून गंज धरत नाही. व्हेन बदलायच्या असतील तर पूर्ण संच बदलावा. कॉम्प्रेसरचे तेल काचेतून दुधाळ दिसू लागले, तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजून ते लगेच बदलावे.

राखीव सामान

मूळ दोष काढला तरी बिघाड होणारच, आणि तेव्हा काम किती वेळ थांबते हे कपाटातील राखीव सामानावर ठरते. या बाबतीत आमचा अनुभव असा आहे की राखीव वस्तू नसण्यापेक्षा ती आहे असा समज असणे जास्त घातक असते. आमच्याकडे राखीव डाय ग्राइंडर होता. तिसऱ्या वर्षी तो बाहेर काढला तेव्हा त्याचा ट्रिगर नव्हता, कोलेट, म्हणजे टोकाचे हत्यार पकडणारा भाग, नव्हते आणि व्हेनही नव्हत्या. वेळोवेळी चालू ग्राइंडरसाठी त्यातील एकेक भाग काढला गेला होता, आणि प्रत्येकाने तो चांगल्या हेतूनेच काढला होता. व्ही-बेल्टची जोडी खिडकीजवळच्या खिळ्यावर दोन उन्हाळे टांगलेली होती, ती वळवताच तिला चिरा पडल्या. प्रेशर स्विच नवा होता, पण त्याचे आटे वेगळ्या मापाचे होते आणि तो टाकीवर बसलाच नाही.

त्यानंतर आम्ही काही नियम केले आणि ते काटेकोरपणे पाळतो. राखीव अवजार महिन्यातून एक पूर्ण दिवस कामावर चालते आणि त्या दिवशी नेहमीचे अवजार विश्रांती घेते. दोन्हींवर क्रमांक कोरलेले आहेत, त्यामुळे कोणत्या महिन्यात कोणते चालले याची नोंद राहते. राखीवातून एखादा भाग काढलाच, तर काढणाऱ्याने त्याच दिवशी वहीत लिहायचे आणि तो भाग त्याच आठवड्यात आणायचा. नवीन सुटा भाग आला की तो एकदा प्रत्यक्ष बसवून पाहायचा, मगच तेल लावून, पिशवीत बंद करून, वर माप आणि तारीख लिहून ठेवायचा. रबरी वस्तू उन्हापासून आणि विजेच्या मोटारींपासून दूर, बंद डब्यात राहतात.

काय ठेवावे हे ठरवताना किंमत पाहू नये. ती वस्तू नसेल तर किती माणसे हातावर हात ठेवून बसतील आणि ती आणायला किती वेळ लागेल, हे पाहावे. या कसोटीवर कॉम्प्रेसरच्या बेल्टची जोडी, व्हॉल्व्ह प्लेट आणि गॅस्केटचा संच, प्रेशर स्विच, हवा उलटी येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, स्टार्टरचा कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले, पकडीची हवा विजेने उघडबंद करणाऱ्या सोलेनॉइडची एक कॉइल, दोन तयार होज आणि मूठभर कपलर, एवढ्या वस्तू आम्ही कायम ठेवतो. बेल्ट नेहमी जोडीनेच बदलावेत, कारण जुना ताणलेला आणि नवा असे एकत्र चालले तर सगळा भार नव्यावर येतो. ताण पाहताना दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट पुलींमधील दर शंभर मिलिमीटर अंतराला सुमारे दीड मिलिमीटर खाली जावा.

कॉम्प्रेसरच बंद पडला तर काय, याचे उत्तर आम्हांला सर्वांत उशिरा सुचले. दुसरा मोठा कॉम्प्रेसर परवडत नव्हता, म्हणून दोन हॉर्सपॉवरचा सिंगल फेजवर चालणारा जुना कॉम्प्रेसर घेतला आणि मुख्य लाइनला एक कॉक व कपलर कायमचा बसवून ठेवला, जेणेकरून तो पाच मिनिटांत जोडता येईल. त्याच्यावर सगळे चालत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पकड आणि एक स्प्रे गन चालते, म्हणजे जोडणी आणि रंगकाम पुढे सरकते. मोठ्या कॉम्प्रेसरकडे जाणारा कॉक बंद केल्याशिवाय छोटा सुरू करायचा नाही, अशी पाटी तेथेच लावली आहे, कारण तो उघडा राहिला तर छोट्याची सगळी हवा मोठ्या टाकीत जाते आणि लाइनला काहीच मिळत नाही. पावसात एक फेज गेली तरी सिंगल फेजवरचा हा कॉम्प्रेसर उरलेल्या फेजवर चालतो, हा त्याचा आणखी एक फायदा. मोठ्या मोटारीसाठी मात्र सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटार बंद करणारे साधन, असलेच पाहिजे. दोन फेजवर घरघरत राहिलेली मोटार काही मिनिटांत जळू शकते.

बडोद्यात काम करणाऱ्यांनी राखीव सामानाचा हिशोब सणांच्या दिवसांशीही जोडून पाहावा. दिवाळीपासून लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, सुट्या भागांची बहुतेक दुकाने आणि जळालेल्या मोटारीचे वाइंडिंग भरून देणारे कारागीर बंद असतात, आणि उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, दोन दिवसही तसेच जातात. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीला मोठा पूर आला, तेव्हा शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले आणि कित्येक दिवस साधा बेल्टही मिळणे कठीण झाले होते. त्यानंतर आम्ही राखीव सामानाचे कपाट जमिनीवरून भिंतीवर नेले, आणि कॉम्प्रेसर गुडघाभर उंच विटांच्या चौथऱ्यावर पक्का बसवला.

वर्षातून एकदा करायच्या मोठ्या तपासणीसाठी आम्ही खंडेनवमी धरली आहे. त्या दिवशी अवजारे पुसून पूजेला मांडायचीच असतात, तेव्हा राखीव कपाटातील प्रत्येक वस्तूही बाहेर काढून वहीशी ताडून पाहतो, आणि जे कमी असेल ते दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत आणतो. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून तो मोकळा होतो ना, हेही तेव्हा पाहिले जाते. टाकीचा तळ आतून गंजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून जुन्या टाकीची जलदाब चाचणी जाणकाराकडून करून घ्यावी. तळाला घाम आल्यासारखी ओल दिसली, तर वेल्डिंगचे ठिगळ न लावता टाकीच बदलावी.

लाभपाचमेला वर्कशॉप उघडल्यावर कॉम्प्रेसर एकदम भाराखाली सुरू करू नये. टाकीचा आणि सर्व उतरत्या टोकांचे कॉक उघडून साचलेले पाणी जाऊ द्यावे, तेल काचेतून पाहावे, मुख्य स्विच काढलेला असताना पुली हाताने दोन-तीन वेळा फिरवून अडत नाही ना ते पाहावे, आणि टाकीचा कॉक उघडा ठेवूनच पाच मिनिटे मोटार चालवावी. मग कॉक बंद करून टाकी भरण्याचा वेळ मोजावा आणि तो टाकीवर लिहिलेल्या साडेतीन मिनिटांशी जुळतो का, ते पाहावे.